विसाव्यावर उभं राहिलेलं गाव

आप्पासोंना लग्नाचं आवतण द्यायचं राहिलं तर एकवेळ चालायचं. पण मयत झालं आणि आप्पासोंना सांगावा गेला नाही, तर त्या घराला भावकीत तोंड दाखवायची सोय उरायची नाही. इकडं पलूस, तिकडं ताकारी, पार सातारा जिल्ह्यातली कराडकडची गावं, माणूस कुठंही मरो, आप्पासो सायकलवर हजर. डोक्याला कडक पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं आणि चेहरा असा पाडलेला, की परक्या माणसानं घरच्यांना सोडून आधी यांचंच सांत्वन करावं. आमच्या भागात अंत्यविधीला जाणं म्हणजे मातीला जाणं. सरणावर जाळा नाहीतर खड्ड्यात पुरा, शब्द तोच. आप्पासोंकडं उसाचं रान होतं, बैलजोडी होती, बायको होती, पण खरं सांगायचं तर मातीला जाणं हाच त्यांचा धंदा, हाच छंद आणि हीच इभ्रत.

गावाचं नाव सांगत नाही. त्यांच्या भावकीतली निम्मी माणसं अजून जिवंत आहेत, आणि उरलेल्या निम्म्यांचंही काही सांगता येत नाही.

सांगावा पोचवायचं काम पूर्वी ओढ्यापलीकडच्या वस्तीवर लादलेलं होतं. गावात कोणी मेलं की वस्तीतल्या माणसानं कोसन् कोस चालत पाहुण्यांच्या गावी जायचं, अंगणाबाहेर उभं राहून ओरडून सांगायचं आणि वरून टाकलेली भाकरी झेलून माघारी यायचं. छप्पन्न साली वस्तीनं धम्म घेतला आणि हे काम लाथाडलं. तुमची मेलेली तुम्हीच सांगत फिरा म्हणाले. गाव लय भडकलं, पण करणार काय. तेव्हा आप्पासोंनी नवी कोरी सायकल घेतली आणि तेच काम मानाचं करून टाकलं. त्यांना लोक ओसरीवर घोंगडं अंथरत, तांब्या भरून पाणी देत. वस्तीच्या लोकांना हे बघून हसू यायचं, पण ते आपल्यात हसायचे.

मयताच्या दारात आप्पासोंचे दोन शब्द चालायचे. एक ‘थांबा’ आणि दुसरा ‘उचला’. लेक यायची असेल, जावई मुंबईहून निघाला असेल, पोरगा मिलिटरीत असून तार गेली असेल, तर आप्पासो म्हणायचे, थांबा. मग मयत उन्हात तापो, माशा बसोत, घरची माणसं उपाशीपोटी घेरी येऊन पडोत, हलायची कुणाची टाप नव्हती. तिरडी निघाली की निम्म्या वाटेवर विसावा. नदीकडं जाताना ओढ्याच्या फाट्यावर एक काळा दगड आहे. तिथं तिरडी खाली ठेवायची, खांदेकऱ्यांनी जागा बदलायच्या, मागच्यांनी मान खाली घालून उभं राहायचं आणि आप्पासो ‘उचला’ म्हणतील तेव्हाच पुढं पाऊल टाकायचं. गावातल्या माणसांच्या पायांना ती सवयच लागून गेली होती.

एवढ्या मातींत एकाच मातीला आप्पासो गेले नाहीत, आणि ती त्यांच्या स्वतःच्या जावयाची होती.

त्यांची एकुलती लेक विजयमाला. तिनं वस्तीतल्या जालिंदरशी सांगलीला जाऊन लग्न केलं. जालिंदर माधवनगरला मिलमध्ये कामाला होता, शिकलेला होता, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नव्हतं, पण ओढ्याच्या त्या बाजूचा होता. आप्पासोंनी भर चावडीत सांगून टाकलं, माझ्या लेखी ती मेली, तिनं माझ्या घरात पाय टाकायचा नाही. गावाला ते फार आवडलं. पुढं जालिंदर काविळीनं गेला. सांगावा गावात आला त्या सकाळी आप्पासोंनी सायकल काढली आणि वस्तीकडं पाठ करून दूरच्या कुठल्याशा गावी, ज्याचं तोंडही कधी बघितलं नव्हतं अशा म्हाताऱ्याच्या मातीला निघून गेले. दिवस मावळताना ओढ्यापलीकडं धूर दिसला, तेव्हा बनुबाई, म्हणजे आप्पासोंची बायको, परड्यात पदर तोंडात कोंबून उभी होती. विजयमाला सासूजवळ वस्तीतच राहिली. दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायची. बनुबाई तिला बांधावरून लांबूनच बघायची आणि घरात तिचं नाव काढायची नाही. अशी तीन वर्षं गेली.

मग आलं चौऱ्याहत्तर साल. ऊसतोडीचे दिवस होते. सोसायटीचे चेअरमन लालासाहेब साताऱ्याला कसल्याशा बैठकीला गेले आणि तिथं त्यांच्या दंडाला कुणीतरी चावलं. बैठकीत एकमेकांना चावायचीच रीत, त्यामुळं लालासाहेबांनी ते मनावर घेतलं नाही. घरी येऊन तापानं फणफणले आणि दोन-तीन दिवसांत गेले. साताऱ्याकडं चावलेली माणसं मरतात आणि मेलेली उठतात, अशी कुणकुण एस.टी.च्या कंडक्टरनं आणली होती. पण चेअरमन मेल्यावर कंडक्टरचं ऐकायला वेळ कुणाला.

लालासाहेबांना ओट्यावर खुर्चीत बसवलं. ती खुर्ची त्यांनी जिवंतपणी सोडली नव्हती, आता कशाला सोडायला लावा. थोरले जावई मुंबईहून यायचे होते, आमदार हार घेऊन यायचे होते. आप्पासो म्हणाले, थांबा. सगळे थांबले. पाहुणे रांगेनं येऊन तोंडात तुळशीपत्रानं पाणी घालत होते. ऊन डोक्यावर आलं आणि लालासाहेबांनी डोळे उघडले. आता दुसऱ्या कुठल्या मुलखात लोक पळाले असते. आमच्या लोकांनी हार घातला. कुणीतरी विजय असो म्हणून आरोळी ठोकली, दुसऱ्यानं ताशावाल्याला बोलवायला माणूस धाडला. धाकट्या भावानं आनंदानं पुन्हा तोंडात पाणी घातलं, तर लालासाहेबांनी पाण्याबरोबर त्याची दोन बोटंही घेतली. तरी लोक म्हणाले, साहेबांच्या पोटात तीन दिवस काही नाही, दूध आणा. दूध घेऊन जो गेला त्यालाही ते चावले.

चावलेले तापले, तापलेले मेले. आणि प्रत्येकाच्या दारात आप्पासो उभे. लेक येऊ द्या, मामा येऊ द्या, थांबा. मेल्यावर लगोलग जाळलं तर माणूस उठत नाही, दुपार-सांज ठेवलं की उठतं, हे कळायला हुशारी लागत नव्हती. पण घाईनं जाळलं तर लोक काय म्हणतील, आणि मातीला गेलो नाही तर भावकी काय म्हणेल, या दोन काळज्यांपुढं जिवाची काळजी कोण करतो. गाव रोगानं मेलं नाही, एकमेकांच्या मातीला जाऊन मेलं. तालुक्याची जीप एकदा येऊन गेली. मयत इसमांनी घराबाहेर पडू नये, पडल्यास योग्य ती कारवाई करण्यात येईल, असं भोंग्यावर सांगून जी माघारी वळली ती पुन्हा दिसली नाही. मोठे साहेब बायकापोरं घेऊन पाचगणीला गेले म्हणे, तिथली हवा चांगली म्हणून.

वस्तीत मात्र एकही माणूस उठला नाही. गावातलं कुणी त्यांच्या मातीला जात नव्हतं आणि त्यांना गावातल्या ओट्याजवळ कुणी येऊ देत नव्हतं, म्हणून चावणारं तोंड आणि त्यांचा हात यांची गाठच पडली नाही. आपली माणसं ते तशीही लगोलग जाळायचे. मोठा पाहुणा यायची वाट बघत बसायची चैन त्यांना कधी मिळालीच नव्हती. गावातला गलका ऐकला आणि त्यांनी वस्तीभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. ज्या विटाळासाठी गावानं इतकी वर्षं त्यांना लांब ठेवलं, त्याच अंतरानं ते वाचले.

आप्पासो घराला कडी लावून बसले. आता माती होत नव्हती, सांगावे बंद झाले होते, सायकल पडवीत उभी होती. त्यांना भीती वाटत होती आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. गल्लीत उठलेली माणसं फिरत होती. जिवंतपणी जी जिथं बसायची तिथंच बसत होती. पारावरची पारावर, सोसायटीपुढची सोसायटीपुढं. काम करताना कुणी दिसत नव्हतं, त्यामुळं गाव पूर्वीसारखंच दिसायचं. कुणी पळालं किंवा त्यांच्या तोंडाजवळ कुणाचा हात गेला की मात्र चावत होती.

एका सकाळी दाराची कडी वाजली. बनुबाईनं फटीतून बघितलं तर जाऊबाई हरणाबाई. रोज सकाळी विरजण मागायला यायची तशीच वाटी घेऊन उभी. चार दिवसांमागं गेलेली, हे बनुबाईला ठाऊक होतं. पण दारात आलेल्या जावेला तसंच कसं माघारी लावायचं. तिनं दार उघडून वाटीत विरजण घातलं आणि हरणाबाईनं तिचं मनगट धरून चावा घेतला. आप्पासोंनी धावत येऊन दार लोटलं, पण व्हायचं ते झालं होतं.

ताप चढला तशी बनुबाईनं नवऱ्याला जवळ बोलावलं. तीन वर्षांत न काढलेलं नाव तिनं काढलं. ती म्हणाली, “गावातली समदी मेलेली उठून दारात येत्यात. एक माझी इजीच तेवढी येत न्हाई. तिला बलवा. तिच्या मांडीवर डोकं ठेवल्याबिगर माझा जीव जायचा न्हाई.”

आप्पासोंनी आयुष्यात किती सांगावे पोचवले त्याला गणती नव्हती, पण हा पोचवायला त्यांचा पाय निघेना. ते परड्यात गेले, परत आले, पुन्हा गेले. बायको मेली तर जाळायचं आहेच, पण लेक भेटल्याशिवाय गेली तर वर तोंड काय दाखवायचं, असं त्यांच्या मनात आलं. मग वाटलं, वरचं राहू दे, इथंच आरशात काय दाखवायचं. दुपारी ते परड्यामागच्या उसात शिरले आणि सरी धरून, पाचटानं अंग कापत, वाकून ओढ्यापलीकडं गेले. वस्ती हाकेच्या अंतरावर होती. कराड, ताकारी त्यांना कधी लांब वाटलं नव्हतं, हे अंतर मात्र संपता संपेना.

कुंपणापाशी विजयमालेची सासू बायडाबाई काठी घेऊन बसली होती. तिनं आप्पासोंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. टोपीला उसाची पानं चिकटली होती.

“सांगावा घिऊन आलासा व्हय?” ती म्हणाली.

आप्पासोंनी मान हलवली. कुणाचा म्हणून तिनं विचारलं. अजून आहे ती, पण चावलंय, लेकीची आठवण काढतेय, असं त्यांनी कसंबसं सांगितलं. बायडाबाई म्हणाली, “माझा सासरा सांगावा घिऊन यायचा, तवा तुमचा बा त्येला उकिरड्यापाशी हुबा करायचा. तुमी काट्यापाशी हुबं ऱ्हावा. मी इजीला बलावती.”

विजयमाला आली. वाळली होती, काळवंडली होती, कपाळ मोकळं होतं. आप्पासोंना वाटलं होतं ती रडेल नाहीतर शिव्या देईल. तिनं फक्त विचारलं, आई पाणी पितेय का. पितेय म्हटल्यावर म्हणाली, “तिला हिकडं आना, आबा. मी त्या घरात पाय टाकनार न्हाई. तुमीच म्हनला हुतासा, मी मेलीया.”

वस्तीतला केरू पहाऱ्याला होता. त्यानं रोखठोक सांगितलं की चावलेलं माणूस काट्याच्या आत येणार नाही. ओढ्याकाठच्या चिंचेखाली आणा, आणि विजयमाला तिच्याजवळ बाहेर गेली तर तिनंही आठ दिवस बाहेरच राहायचं. आप्पासोंना गावात असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं व्हय म्हटलं.

आता बनुबाईला उसातून नेता येईना. ती तापानं लुळी पडली होती, आणि सरीतून सायकल जात नाही. म्हणजे भर गल्लीतून न्यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पासोंनी तिला सायकलच्या कॅरेजवर बसवलं, उपरण्यानं आपल्या कमरेशी बांधलं, टोपी घातली आणि दार उघडलं. पळायचं नाही, त्यांच्या तोंडाजवळ हात न्यायचा नाही, एवढं त्यांनी स्वतःला बजावलं आणि सायकल हातानं ढकलत सावकाश निघाले.

पारावरच्यांनी माना वळवल्या. पांढरी टोपी, पाडलेला चेहरा, सावकाश चाल. हे त्यांनी जन्मभर बघितलं होतं. एकेक करून ते उठले आणि आप्पासोंच्या मागं चालू लागले. सोसायटीपुढचे आले. हरणाबाई वाटी घेऊन आली. लालासाहेब गळ्यातल्या सुकल्या हारासकट सगळ्यांना कोपरानं ढकलत पुढं आले. मेल्यावरही मागच्या रांगेत राहणं त्यांना जमणारं नव्हतं. आप्पासोंच्या मागं सगळं गाव निघालं. अशी मोठी माती त्यांनी उभ्या आयुष्यात काढली नव्हती, आणि तिच्यात तिरडीवरची तेवढी जिवंत होती.

अंतर कमी होत चाललं. लालासाहेबांचा हार मागच्या चाकाला घासायला लागला. वेग वाढवला तर ते झेप घेणार, नाही वाढवला तर गाठणार. बनुबाईनं मागं बघितलं आणि डोळे मिटून घेतले. घाम आप्पासोंच्या डोळ्यांत उतरला होता, त्यांना पुढचं धड दिसत नव्हतं. तेवढ्यात ओढ्याचा फाटा आला, काळा दगड आला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं आप्पासोंचे पाय थांबले. त्यांनी सायकल चक्क स्टँडवर लावली. लावल्यावर त्यांना आपण काय केलं ते कळलं आणि मेलोच असं वाटून ते वळले.

मागं सगळं गाव थांबलं होतं. एकानंही पाऊल पुढं टाकलेलं नव्हतं. माना खाली घातलेल्या, हात मोकळे सोडलेले. काहींनी तर खांदेकऱ्यांसारख्या आपापसात जागा बदलल्या. सगळे आप्पासोंच्या तोंडून ‘उचला’ निघायची वाट बघत होते. लालासाहेबांनीही जन्मात पहिल्यांदा कुणाच्या तरी शब्दाची वाट बघितली.

बनुबाई पुटपुटली, “आता तोंड उघडू नगासा.”

आप्पासोंनी तोंड उघडलं नाही. स्टँड हातानं अलगद वर घेतला आणि सायकल वस्तीच्या वाटेला वळवली. मागं कुणी हललं नाही. पुढं पंधरवड्यानं बंदूकवाली पार्टी आली, तोवर गाव त्या दगडापाशी तसंच मान घालून उभं होतं. पार्टीतले शिपाई म्हणाले, एवढी शिस्तीची माणसं आम्ही जिल्ह्यात कुठं बघितली नाहीत.

गल्ली मोकळी झाली तशी माळवदांवर, धान्याच्या बळदांत, गवताच्या गंजीत लपलेली जिवंत माणसं बाहेर पडली आणि उसातून वाकत वस्तीकडं पळाली. जालिंदरच्या लग्नानंतर ज्यांनी चावडीत बसून मिशांना पीळ भरला होता ती माणसं कुंपणाबाहेर ओंजळ करून बसली. केरूनं त्यांना वरून पाणी वाढलं. प्रत्येकजण दोनदा प्यायला. पाण्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

चिंचेखाली विजयमाला घोंगडं अंथरून बसली होती. बनुबाईचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. मायलेकी काय बोलल्या ते फार मोठं नव्हतं. बनुबाई म्हणाली, वाळलीस. लेक म्हणाली, तू तरी कुठं भरलीस. बनुबाईनं तापल्या हातानं तिचे केस चाचपले, तेलाचं बोट नाही म्हणून सासूला बोल लावला. बायडाबाईनं ते काट्यापलीकडून ऐकलं आणि तेलाची बाटली वरून टाकली. मग बनुबाईनं लेकीच्या डोक्याला तेल लावलं. निम्मं तेल घोंगड्यावर सांडलं. आप्पासो चार पावलं लांब बसून बघत होते आणि त्यांना रडू येत होतं. ऊन कलायच्या आत बनुबाई गेली. शेवटपर्यंत लेकीची वेणी तिच्या मुठीत होती.

आता वेळ काढून चालणार नव्हतं. केरूनं काट्यावरून बांबू आणि लाकडं दिली आणि तोही आठ दिवसांच्या बोलीवर बाहेर आला. तिरडी बांधून झाली. विजयमाला वाकली आणि आप्पासोंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “थांबा.”

“कुनासाठी?” विजयमाला म्हणाली.

आप्पासोंनी आठवून बघितलं. भावकी, पाहुणे, चेअरमन, ज्यांच्यासाठी थांबायचं ते सगळे फाट्यावर मान घालून उभे होते. जिवंत होते ते पाणी पिऊन कुंपणाच्या सावलीला पडले होते. चावलेल्या बाईच्या मातीला यायची त्यांची तयारी नव्हती, आणि त्यांना ही अक्कल यायला उभं गाव मरावं लागलं होतं.

“जिच्यासाठी थांबायचं ती आली हाय,” विजयमाला म्हणाली. “धरा.”

खांदेकरी चार लागतात आणि हे तिघंच होते, केरू धरून. तेव्हा बायडाबाईनं काठीनं काटे बाजूला सारले आणि ती बाहेर आली. आठ दिवस बाहेर राहावं लागेल असं केरू म्हणाला, तर म्हणाली राहीन. ‘उचला’ म्हणायची सोय नव्हती, दगड हाकेवर होता. चौघांनी एकमेकांकडं बघितलं आणि मुकाट्यानं बनुबाईला उचललं. इतक्या माती केलेल्या आप्पासोंनी खांदा मात्र आजवर कधी दिला नव्हता, नुसते हुकूम दिले होते. बांबू रुतला तसं त्यांना माणसाचं वजन कळलं.

गावाच्या स्मशानाकडं जायची वाट बंद होती. ते बनुबाईला ओढ्याकाठच्या वस्तीच्या जागेवर घेऊन गेले. आप्पासोंनी ती जागा कधी बघितली नव्हती. अग्नी दिला, धूर सरळ वर गेला. बाजूलाच दगडांचं आळं करून लावलेलं पिंपळाचं रोप होतं, कंबरेएवढं झालेलं. विजयमाला त्याच्याकडं बोट करून म्हणाली, “ह्ये हितं हायती.”

आप्पासो रोपापाशी गेले. टोपी काढली. मातीला गेल्यावर बोलायची वाक्यं त्यांना पाठ होती, पण एकही आठवेना. शेवटी त्यांनी विचारलं, लय त्रास झाला का त्याला.

उत्तर बायडाबाईनं दिलं. “आमच्यात कुनासाठी थांबत न्हाईत. त्या दिशी थांबलो हुतो. इजी म्हनली, माझा बा कुनाची माती चुकवत न्हाई, येतोयच बगा. दीस बुडायला आला तवा जाळला लेकाला.”

आप्पासो तिथंच खाली बसले. त्यांच्या हातातली टोपी पडली, ती त्यांनी उचलली नाही. सरण फुटल्याचा आवाज झाला. बायडाबाई त्यांच्याशेजारी, हातभर अंतरावर, पाय पसरून टेकली.

“उशीर केलासा, पावनं,” ती म्हणाली. “पर आलासा.”